कॅमेऱ्याच्या नातवाची चौकशी

लोक दुकानात कॅमेरा बघायला जातात. आमचे दगाभाऊ कॅमेऱ्याचा नातू बघायला जायचे. कपाटातलं यंत्र हातात न घेताच विचारायचे, “हा ठीक आहे. पण ह्याच्या पोटी जो येईल, तो आपल्या लेन्सला ओळख देईल का?”

दुकानदार अस्सल सुरती. एकदा वैतागून म्हणाला, “दगाभाई, केमेरो लेवो छे के वेवाई शोधवा छे?” कॅमेरा हवाय की व्याही, हा प्रश्न भाऊंना मुळीच थट्टेचा वाटला नाही. ते विचारात पडले.

एरवी ते सुरतेजवळ कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात मुकादम. लग्नसराईत कोसाडच्या आमच्या वसाहतीतली खान्देशी लग्नं टिपायचे. सोबत सुमनवहिनी असायच्याच. आधी त्या कॅमेऱ्याला डोळा लावून रिंग फिरवायच्या, हात वर करायच्या, मग भाऊ बटण दाबायचे. आम्ही समजायचो, नवराबायकोचा काहीतरी शकुन असेल.

भाऊंजवळ एकाच कंपनीच्या तीन लेन्स. ऐंशीच्या दशकाअखेर त्या कंपनीने आपोआप फोकस करणारा कॅमेरा काढला आणि लेन्स बसवायचं तोंडच बदललं. भाऊ सुतक लागल्यासारखे दारात बसले. “घराणं एक, आडनाव एक. आणि थोरल्याची लेन्स धाकट्याच्या उंबऱ्यात उभी राहत नाही.”

तेव्हापासून ते प्रत्येक वस्तूची पुढची पिढी तपासू लागले. आमच्या मिक्सरची भांडी पुढच्या मॉडेलवर बसतील का, असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. ती हसली. पुढे मिक्सर जळला, नवा आणला, जुनी भांडी बसेनात. तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती कंपनी माझ्या वडिलांची.

अखेर दुकानदारच नमला. जुनं सगळं घेऊन नवा कॅमेरा द्यायला तयार झाला. साक्षीदार म्हणून मी गेलो. भाऊंनी तो माझ्यावर रोखला. चिर्र आवाज झाला, झाला फोकस. दुकानदार पेढा दिल्यासारखा हसला. भाऊंनी कॅमेरा हळूच खाली ठेवला, “ह्याचा नातू येऊ दे,” म्हणाले आणि चालू लागले.

रस्त्यात मी चिडून विचारलं, आता काय अडलं?

“अप्पा, मना डोयासमा धुकं शे,” ते घरच्या अहिराणीत म्हणाले. मग सावकाश सांगू लागले, “डॉक्टर म्हणतो, डोळ्यांतलं धुकं जाणार नाही, आता एवढंच दिसणार. फोकस तुमची वहिनीच लावते.”

“मग तर हाच घ्या. आपोआप बघतो.”

“तेच तर.” ते चपलांकडे बघत राहिले. “आम्हाला मूलबाळ नाही. हळदीला ही गेली, की बाया नवरीला बाजूला सरकवायच्या. आता नवरीच्या सगळ्यांत जवळ हीच असते. कॅमेरा आपोआप बघायला लागला, तर ही कोणत्या कामाने जाईल?”

पुढच्या रविवारी वसाहतीत लग्न होतं. वहिनी नवरीपाशी गेल्या, तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या, मागे येऊन जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावला. त्यांचा हात वर जाईपर्यंत अख्खं वऱ्हाड श्वास रोखून उभं होतं.