सुंदररावांचा अद्ययावत फोन

जुलै २०१८.

सोयाबीन, दीड एकर, गुडघ्याच्या वर.

राधाकिशनशी बोलणं बंद, वर्ष अकरावं.

पाटोद्याचा बाजार.

'फक्त आपत्कालीन कॉल.'

सकाळी विचारलं असतं तर सुंदरराव म्हणाले असते, यातलं एकही दुसऱ्याच्या भावकीतलं नाही. दिवस मावळेपर्यंत सगळी एकाच शेतात जमली होती.

सुंदरराव म्हणजे लिंबागणेशजवळच्या एका गावचे माजी सरपंच. जुलै २०१८ हा त्यांच्या फोनचा जन्म. बाकीच्यांचे तीन-तीन फोन होऊन गेले, यांचा एकच. हौदात पडून उठला, बैलाच्या पायाखालून उठला. "फोन न्हाई, गावरान खोंड हाय," ते पारावर सांगत. "चारा कमी, काम दुप्पट."

पहिली दोन वर्षं त्या फोनवर 'अपडेट करा' असा तगादा यायचा. मग तो बंद झाला. सुंदररावांनी त्याचा अर्थ लावला की फोन आता शिकून बाहेर पडला.

तर त्या दिवशी पीकनोंदणीची शेवटची तारीख होती. आपल्या शेतात उभं राहून फोनमधल्या ॲपनं पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. नाही पाठवला तर सातबाऱ्यावर जमीन 'पड', म्हणजे न पेरलेली, लागते, आणि उद्या पावसानं पीक झोपलं तर भरपाई मागायला तोंड उरत नाही. सुंदररावांनी महिनाभर कुणाचं ऐकलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम, फोन खिशात आहे, घाई कशाला?

दुपारी दोनला ते बांधावर उभे राहिले. ॲप म्हणालं, नवं व्हर्जन घ्या. नवं घ्यायला ग्रामपंचायतीच्या वायफायवर गेले तर उत्तर आलं, या फोनवर ते चालणार नाही. त्यांनी सेटिंग उघडलं. तिथं लिहिलं होतं: तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे.

ते वाक्य त्यांनी चारदा वाचलं आणि मोटारसायकलला किक मारली.

लिंबागणेशला जाकीरचं मोबाइलचं दुकान. सुंदररावांनी फोन काउंटरवर असा ठेवला, जसा कोर्टात पुरावा. फोन स्वतःच्या तोंडानं सांगतोय अद्ययावत हाय, मग ॲप कावून अडतंय?

जाकीरनं खालची ओळ दाखवली. शेवटचं अपडेट, ऑगस्ट २०२०.

"काका, कंपनीनं सोडून दिलाय त्याला. आता कुणी काही पाठवतच न्हाई, म्हणून त्याला वाटतंय आपलं काही राहिलंच न्हाई. घरातून काढलेला म्हातारा कसा सांगतो, माझं कुणाशी भांडण न्हाई."

सुंदररावांना हे उदाहरण आवडलं नाही.

शिवाय वर टॉवरच्या जागी 'फक्त आपत्कालीन कॉल' असं आठ दिवसांपासून दिसत होतं. ते लाइट गेल्यामुळं, असं सुंदरराव धरून चालले होते. जाकीरनं तीही आशा ठेवली नाही. सिमच्या कंपनीनं या भागातलं जुनं नेटवर्क काढून घेतलं होतं आणि नवं या फोनला पेलत नव्हतं. कुणाचाही नवा फोन घ्या, त्यात सिम घाला, शेतात जा, एवढाच इलाज.

गावात परतले तेव्हा साडेचार वाजले होते. बाजाराचा दिवस. नवे फोन सगळे पाटोद्याला, पिशव्यांबरोबर. गावात उरला एकच, बांधाला बांध असलेल्या राधाकिशनचा. अकरा वर्षांपूर्वी बांधालगतच्या पिकाच्या दोन ओळी कुणाच्या यावरून दोघांत जे झालं, त्यानंतर सुंदरराव त्याच्या दारावरून जाताना छत्री त्या बाजूला धरत, ऊन दुसरीकडून असलं तरी.

सुंदररावांची बायको, वच्छलाबाई, मध्ये पडल्या. राधाकिशन फोन घेऊन बांधावर आला. दोघं पुरुष बोलत होते बाईंशी, त्याही मध्येच उभ्या होत्या.

"सांग त्याला, पाच मिनटांचं काम हाय."

"वहिनी, सांगा त्यांना, पाच मिनटं आमाला बी हायत."

बांगडीतली पिन काढून वच्छलाबाईंनी सिम बदललं. आठ दिवसांचे अडकलेले मेसेज गोठ्याचं दार उघडावं तसे बाहेर पडले. राधाकिशनच्या हातात. त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानं वरचाच मोठ्यानं वाचला. बांधाच्या सरकारी मोजणीसाठी आपण केलेला अर्ज मिळाला आहे.

हा अर्ज सुंदररावांनी बायकोलाही सांगितला नव्हता. वच्छलाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की त्यांना तिथल्या तिथं पेरून घ्यावंसं वाटलं.

सूर्य लिंबाच्या शेंड्यावर टेकला होता. अंधारात फोटो निघत नाही. राधाकिशननं फोन खिशात टाकला असता तर सगळं संपलं असतं. पण त्यानं तो सुंदररावांच्या हातात दिला, आणि तो इतका गोड हसला की सुंदररावांना घाम फुटला.

त्यांनी बांधाकडच्या ओळीत उभं राहून फोटोचं बटण दाबलं. ॲप म्हणालं, आपण गटाच्या हद्दीबाहेर आहात.

एक ओळ मागं सरकले. हद्दीबाहेर.

"फोनचं काय, दहा पावलं इकडंतिकडं दाखवतो," सुंदरराव कुणाकडंही न बघता म्हणाले.

"वहिनी, घाई न्हाई. होऊ द्या सावकाश."

आणखी एक ओळ मागं. ज्या दोन ओळींसाठी अकरा वर्षं काढली, त्या आता त्यांच्या पायाच्या पुढं होत्या. उन्हाची शेवटची पट्टी पानावरून उतरत होती. तिसऱ्या ओळीत फोननं सुंदररावांना स्वतःच्या शेतात घेतलं. फोटो निघाला. नोंद यशस्वी.

राधाकिशन आला, सुंदररावांच्या पायापुढं टाचेनं एक रेघ ओढली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट बोलला.

"सुंदरराव, मोजणीचा खर्च वाचला बघा तुमचा."

सुंदररावांनी मान हलवली. पीक लागलं होतं, 'पड' टळलं होतं, त्यापुढं दोन ओळी काय.

नोंदणीची मुदत पंधरा दिवसांनी वाढल्याचा मेसेज राधाकिशनला त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला आला होता, आणि त्यानं तो वाचला होता.