मोडक काकांची हाळी

अमेरिकेत पोलिसांनी गाडी थांबवली की माणूस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गप्प बसतो. आमचे मोडक काका दार उघडून खाली उतरतात आणि हसत हसत पोलिसाच्या दिशेने चालायला लागतात. साहेब आले की उठून सामोरं जायचं, ही त्यांची लहानपणची सवय. इथे जॉर्जियातल्या अल्फारेटात अर्धा जन्म गेला तरी ती सुटलेली नाही. एकदा ग्रोसरीला जाताना मी शेजारच्या सीटवर होते. "सर, स्टे इन द व्हेइकल!" पोलीस ओरडला. मी देवाचा धावा करत होते आणि काका मुकाट परत बसून त्याला विचारत होते, "ऑफिसर, डू यू नो हू वॉज युवर ग्रँडफादर?"

पोलिसांचा आजोबा म्हणजे जुन्या लंडनचा रातपहारेकरी, असं काकांचं म्हणणं.

काका आमचे शेजारी. निवृत्त इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटे. पोलिसांचा इतिहास हा त्यांचा एकमेव विषय. गणपतीत प्रसादाच्या रांगेतही ते कुणाला तरी गाठतात. "गंमत अशी आहे बघा," इथून गाडी सुटते. मग कळतं की पूर्वी इंग्लंडात गावकऱ्यांनी पाळीपाळीने बिनपगारी शिपाई व्हायचं असे. पैसेवाले आपल्या जागी एखादा भाड्याचा म्हातारा धाडत. त्याच्याकडे एक कंदील, एक काठी आणि फिरवला की कर्रकर्र वाजणारा लाकडी खुळखुळा. "चोर दिसला की म्हातारा खुळखुळा फिरवायचा, आणि चोराला त्याची दया यायची!" असं म्हणून काका स्वतःच खो खो हसतात. मग लंडनला निळ्या कोटातले पगारी पोलीस येतात. निळा अशासाठी, की लोकांना ते लाल कोटातले सैनिक वाटू नयेत. इथे काकांचा आवाज खाली येतो. "आणि आपल्या या जॉर्जियात गस्त असायची ती गुलामांना पकडायला. तेही याच खात्याचे आजोबा. लपवायचं कशाला?" तोवर समोरच्याचा शिरा गार झालेला असतो.

गेल्या महिन्यात रॅकूनने, म्हणजे रात्री उकिरडे फुंकणाऱ्या इथल्या रानमांजराएवढ्या प्राण्याने, कचऱ्याचा डबा पाडला म्हणून काकांनी पोलिसांना फोन केला. तातडीच्या नंबरवर नव्हे, साध्या. काका नियमाचे पक्के. एक तरुण पोलीस बाई आली. काकांनी तिला डब्याऐवजी लंडनचीच माहिती दिली आणि मग एकदम विचारलं, "हॅव यू ईटन?"

"आय विल ग्रॅब समथिंग लेटर, सर."

काका आत गेले आणि फॉइलमध्ये थालीपीठ बांधून घेऊन आले. तिने ती पुरचुंडी जरा संशयानेच घेतली. तिची गाडी वळेपर्यंत काका ड्राइव्हवेवर उभे होते.

"ऋता हिच्याएवढीच," ते म्हणाले.

ऋता त्यांची मुलगी. ती 'बाहेर असते' एवढंच मला माहीत होतं. त्या संध्याकाळी पोर्चवर काकांनी सगळं सांगितलं. ऋता शिकागोला पोलिसात आहे.

"आमच्यात कुणी शिपाई झालं नव्हतं गं. तिच्याशी वाद जिंकायचा म्हणून मी हा इतिहास वाचायला घेतला. गुलामांवरच्या गस्तीचं सगळं ऐकवलं तिला. म्हटलं, हे असलं खातं! ती म्हणाली, 'बाबा, दॅट्स व्हाय समवन लाइक मी शुड बी देअर.' आणि बॅग उचलली. जाताना म्हणाली, 'कॉल मी इफ यू नीड मी.'"

"मग केलात कॉल?"

"काय गरज सांगू? मी ठणठणीत आहे." मग म्हणाले, "मी वाचत गेलो ना, तसं तिचं पटत गेलं. आता घरात ऐकायला तीच नाही."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. मी म्हटलं, "काका, पोलीस नव्हते तेव्हा लोक काय करायचे?"

"हाळी द्यायचे," सवयीने त्यांची गाडी सुरू झाली. "ज्याच्यावर वेळ आली त्याने ओरडायचं. ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं काम टाकून धावायचं. नाही आला तर दंड."

"मग द्या की हाळी."

काका उठून आत गेले आणि ऑनलाइन मागवलेला तसलाच एक लाकडी खुळखुळा आणि फोन घेऊन आले. नंबर लावला. ऋताचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, मेसेज ठेवा म्हणाला. तासन्‌तास बोलणारा हा माणूस नुसता तोंड उघडून उभा. शेवटी त्यांनी फोनसमोर खुळखुळा धरला आणि गरागरा फिरवला. कर्रकर्र आवाजाने गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"ऋता, बाबा बोलतोय. रॅकून आला होता. बाकी काही नाही." ते थांबले. "तुझं बरोबर होतं. वेळेवर जेवत जा."

अजून उजेड होता, तरी त्यांनी पोर्चचा दिवा लावला आणि खुर्ची रस्त्याकडे वळवून बसले.

"ऐकलं की यावंच लागायचं," ते म्हणाले. "कायदाच होता तसा." मग माझ्याकडे वळून, "होता ना गं?"

इतिहासातली गोष्ट काकांनी दुसऱ्या कुणाला विचारावी, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"होता, काका," मी म्हटलं.