सेठला शिव्या देणारे पटलेजी

तुळशीराम पटले फुटबॉलच्या सामन्यात खेळाडूंना कधीच शिव्या देत नसत. ते फक्त मालकाला देत. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, मध्ये घोटभर पाण्याचीही उसंत न घेता.

"सेठ, तुमच्या राइट आऊटनं बॉल घेतला! घेतला अन् रेषेबाहेर घालवला! कायले पोसता त्याले?"

"सेठ, रेल्वेवाले डाव्या बाजूनं येऊन राहिले! तुमचा बॅक कुठी हाय? झोपला का?"

आमच्या क्लबचे मालक गोकुळसेठ राइस मिलच्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसत. पटले त्यांच्या पायाशी रिकामं पोतं टाकून बसत आणि मान वर करून थेट त्यांच्या कानात ओरडत. सेठ समोर पाहत बसत. मधूनमधून "हूं" म्हणत. एवढ्या शिव्या खाऊन नुसतं "हूं" म्हणणारा मालक गोंदियात दुसरा नव्हता, हे मलाही कबूल करावं लागेल.

मला पटले पहिल्याच दिवशी आवडले. भांडवलदाराला तोंडावर नालायक म्हणणारा शेतकरी मी तोवर फक्त पत्रकांत पाहिला होता, आणि ती पत्रकं मीच लिहिलेली होती. विडी कामगारांसाठी लिहायचो, हमालांसाठी लिहायचो. फुटबॉलसाठी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण अन्याय मैदानावरही होता.

मैदान मिलचं होतं. उकडलेला धान सेठ तिथेच वाळत घालत. सामना चारला जाहीर व्हायचा, पण धान ओला असला की गोलपोस्टांच्या मधोमध तो तसाच पसरलेला. मग प्रेक्षकच चपला काढून धानात उतरत आणि पायांनी सऱ्या पाडत तो उलटापालटा करत, लवकर वाळावा म्हणून. दोनशे माणसं, फुकट! मालगुजारी गेली, राजे गेले, आणि इथे जनता रविवारी स्वखुशीनं वेठ करत होती. वर सगळे हसत होते. पटले तर रांगेत सर्वांत पुढे. "मधात जाड ठेवू नका रे, बुरशी लागल!"

सेठचा पुतण्या ओसरीवरून हे पाहायचा. त्यानं उघड सांगितलं होतं, की काकांनी कारभार सोडला की पहिले गोलपोस्ट उपटणार. खेळ बंद केला तर या जागेत तिप्पट धान वाळेल. काकांचं वय झालं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि वाट पाही.

पटले बिरसीकडचे. जातीनं पवार, घरची धानाची शेती, बायको वारलेली, मुली आपापल्या घरी. रविवारी रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून येत. बैल मिलच्या फाटकाशी सोडत. फुटबॉल त्यांनी कधी खेळला नव्हता. पण संघ नव्यानं कसा बांधावा यावर त्यांचं ठाम मत होतं आणि ते सगळं धानावर बेतलेलं होतं.

"तुमचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे चिन्नोर धान," ते चहाच्या टपरीवर मला सांगत. "वास असा सुटते का पाच कोस जाईल. पण जरासा वारा आला का आडवा!"

"आणि राइट आऊट?"

"हलका धान. लवकर पिकते. अर्ध्या तासानं पाहा, नुसती तणस, दाणा नाही."

"गोलकीपर धोंडू तरी?"

"भारी. त्याले दिवारीनंतर दाणा भरते. मॅच संपली का मंग तो उडी मारते."

"मग नवे खेळाडू आणायला हवेत. सेठ म्हणतात नागपूरहून आणू."

"बाहेरचं बियाणं कायले? बाहेर बसवून ठेवले हायत ना सात पोरं! अरे पत्रकवाल्या, धानाचं रोप, पऱ्हा, वेळेवर उपटून रोवाव लागते. वाफ्यातच म्हातारा केला तं फुटवा येईल का?" एवढं बोलून ते चहा बशीत ओतत. "सांगतोच आज सेठले. नालायक माणूस हाय."

मला वाटलं, हा आपला माणूस. मी पत्रक काढलं: 'क्लब कोणाचा? मिलचा की मैदानाचा?' मागणी साधी होती. क्लब सभासदांचा व्हावा, मैदान क्लबच्या नावे व्हावं, संघ समितीनं निवडावा. सह्यांचा कागद घेऊन पहिला गेलो तो पटल्यांकडे.

त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि परत दिला.

"मालक नाही राहिला तं मी शिव्या कोणाले देऊ?"

"समितीला द्या, पटलेजी."

"समितीले तोंड हाय का?"

"अध्यक्ष असेल ना!"

"तो दर सालाले बदलन. माझ्या शिव्या एका माणसाच्या मापाच्या हायत."

मी हसण्यावारी नेलं. सभेच्या दिवशी हसू गेलं. मिलच्या आवारात त्रेचाळीस सभासद जमले होते. पुतण्या खांबाला टेकून उभा. मी पुढे झालो आणि पत्रक सेठच्या हातात ठेवलं. "वाचा. मोठ्यानं वाचा, म्हणजे सर्वांना कळेल तुमच्यावर आरोप काय आहेत."

सेठनी कागद गुडघ्यावर धरला. तेवढ्यात पटल्यांनी तो हिसकावला.

"सेठ कायले वाचन? त्याले मराठी येते का? आणा इकडे! सेठ, आयका तुमची लायकी!" आणि त्यांनी माझं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शिव्यांची फोडणी देत वाचून दाखवलं. माझं एकही वाक्य इतक्या जोशात कोणी कधी वाचलं नव्हतं. सेठनी ऐकून घेतलं, म्हणाले, "लड़के ने ठीक लिखा है. वोट कर लो."

हात वर झाले. एकवीस आमच्या बाजूनं. बावीस सेठच्या. बाविसावा हात पटल्यांचा होता.

मी त्याच आठवड्यात दुसरं पत्रक काढलं. मथळा होता 'मालकाचा भाट'. नाव घातलं नव्हतं. पोतं टाकून पायाशी बसणारा, एवढंच लिहिलं. गोंदियात नाव घालायची गरजही नव्हती. शुक्रवारी बाजारात पोरं पटल्यांच्या रेंगीमागे "भाट आला, भाट आला" करत धावली, असं मला कोणीतरी सांगितलं. मला बरं वाटलं. ते खोटं कशाला सांगू?

रविवारी रेल्वेशी सामना होता. पटले आले नाहीत.

मी ओसरीजवळ पत्रकं वाटत उभा होतो. पंधराव्या मिनिटाला रेल्वेच्या सेंटर फॉरवर्डनं धोंडूच्या दोन पायांमधून बॉल घातला. मैदानावर एकच कालवा झाला. आणि गोकुळसेठ खुर्चीत सरसावून बसले, तोंडभर हसले आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.

"दिलदार माणूस," कोणीतरी म्हणालं. "दुश्मनाच्या गोललासुद्धा टाळ्या!"

सेठच्या टाळ्या एकट्याच वाजत होत्या. त्यांच्या ते लक्षात आलं. हात थांबले. त्यांनी मान खाली केली आणि रिकाम्या पोत्याला विचारलं, अगदी हळू, "पटले? बोल ना भाई. किसने मारा?"

मी तीन हातांवर होतो. त्यांची नजर माझ्या अंगावरून गेली आणि पुढे भिंतीवर गेली. मी तिथे असल्याचं त्यांना कळलंच नाही.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून पुतण्या निघाला होता. त्यानंही टाळ्या ऐकल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावर वाट पाहणं संपत आल्याचं दिसत होतं.

तत्त्वाचा विचार करायला वेळ नव्हता. मी पोत्यावर बसलो.

"टाळ्या काय वाजवता, सेठ!" मी ओरडलो. "रेल्वेनं गोल घातला! तुमच्या धोंडूच्या पायांतून! टोमणा मारता काय त्याला टाळ्या वाजवून? लाज वाटली पाहिजे तुम्हाला!"

सेठचा हात चाचपत आला आणि माझ्या खांद्यावर पडला. "हां," ते मोठ्यानं म्हणाले, "धोंडू को शरम आनी चाहिए, इसलिए बजाया!" लोक हसले. पुतण्या क्षणभर उभा राहिला आणि वळला. सामना संपेपर्यंत मी शिव्या दिल्या. आयुष्यात मालकाला मनसोक्त बोलायची संधी मिळाली आणि एकेका शिवीआधी मी पुतण्या कुठे आहे ते पाहत होतो.

सोमवारी सायकल काढून बिरसीकडे गेलो. पटले खळ्यावर होते, धानाचा चुरणा चालू होता, बैल गोल फिरत होते. मला पाहून त्यांनी बैल थांबवले नाहीत. मीही बैलांमागून चालू लागलो. माफी मागायची मला सवय नव्हती, ती आडवीतिडवी मागितली.

"सेठना दिसेनासं होऊन किती साल झाले?" मी विचारलं.

"तीन. डागदर म्हणते, इलाज नाही."

"मग कानात सांगायचं हळूच."

"कानात कुजबुजलं का सारे पाहातेत. शिव्या कोणी ध्यान देऊन आयकत नाही."

आणखी एक फेरा झाला.

"पण पटलेजी, तुमचं त्यांचं नातं काय? तुम्ही शेतकरी, ते मिलवाले. तुमच्याच धानावर..."

"नातं कायचं?" ते म्हणाले. "घरी कोण हाय बोलाले? मॅच पाहाले सोबत लागते. त्याले बी, मले बी."

मग त्यांनी कालच्या सामन्याचं विचारलं. मी सगळं सांगितलं, माझ्या शिव्यांसकट. त्यांनी मान डोलवत ऐकलं.

"शिव्या बऱ्या हायत," ते म्हणाले. "पण बॉल कोणत्या बाजूनं आला ते नाही सांगितलं. ते सांगाव लागते, नाहीतं तो सारा वेळ मान इकडंतिकडं करत राहाते." त्यांनी बैलांना हाक दिली आणि घसा खाकरला. "रविवारी तू बी ये बसाले. माझा गळा आता पुरत नाही."