हॅलिफॅक्सच्या माळ्यावरील धाकट्या टाकीची मोहीम

थोरांचे पराक्रम लिहावयास लेखणीबहाद्दर उदंड आहेत, परंतु ज्यांणी पराक्रमाजोगे काहीच केले नाही त्यांचेही कोणी लिहून ठेविले पाहिजे, नाही तर पुढील पिढ्यांस वाटावयाचे की मागील लोक सारेच शहाणे होते. सबब यॉर्कशायर प्रांती, हॅलिफॅक्स शहरी, चढावरील जोडघरात राहणारे, बस डेपोचे निवृत्त निरीक्षक, राजमान्य राजश्री क्लिफर्डराव ऑल्डरॉइड यांणी आपलेच घर ऊबदार करण्याकरिता आपल्याच घराशी जे युद्ध मांडिले, त्याची हकीकत, घडली तैसी, लिहितो.

स्वारीचा दंडक ऐसा की, नोव्हेंबर लागल्यावाचून बॉयलर पेटवू नये, आणि तत्पूर्वी घरात कोणी कुडकुडल्यास त्यास कार्डिगन, म्हणजे लोकरीची बंडी, घालण्याची आज्ञा व्हावी. हा दंडक त्या मुलखी घरोघर चालतो आणि तेथील पुरुष त्यास मर्दुमकी समजतात. मग पेटवणीचे दिवशी क्लिफर्डरावांनी पितळेची इवलीशी किल्ली घ्यावी, फुटका कप घ्यावा, आणि खोलोखोली फिरून, ज्यांत ऊन पाणी खेळून खोली तापते त्या लोखंडी रेडिएटरांचे कानाशी ती किल्ली फिरवून आत कोंडलेला वारा काढावा, ऐसा परिपाठ होता. वारा फुस्स करून जाई, मागून पाण्याची चिळकांडी येई, आणि खासे ऐसे मान ताठ करीत की जणू तोफखाना काबीज केला.

परंतु यंदा पेटवणी होऊन डिसेंबर उजाडला तरी वरील मजला थंडगार, नळ्यांतून गुडगुड आवाज, पंप कण्हत, ऐसा बेबनाव जाहला. त्यातच क्लिफर्डरावांचे कुटुंब मॉरीनबाई, त्यांच्या मातोश्री एडनाबाई नाताळास येणार, ऐसे वर्तमान आले. मागील नाताळी एडनाबाईंनी टर्की अंगात ओव्हरकोट ठेवून खाल्ली होती, आणि त्या कोटाने केलेला अपमान मॉरीनबाईंच्या काळजात रुतून बसला होता. त्यांणी जिन्याचे पायथ्याशी कपड्यांनी भरलेली सूटकेस आणून ठेविली आणि फर्मान सोडिले.

“आई इथं कुडकुडली ना, क्लिफ, तर मी तिला घेऊन सरळ बहिणीकडे, लोरेनकडे हॅरोगेटला जाणार. तू बस टर्कीशी गप्पा मारत.”

क्लिफर्डरावांचे तोंडचे पाणी पळाले. एक तर स्वारीस अंडे उकडता येत नव्हते, आणि दुसरे, मॉरीनविना नाताळ ही कल्पनाच त्यांस सोसवेना. परंतु ऐसे बायकोस सांगणे त्या मुलखी गैरशिस्त मानितात, म्हणून ते घसा खाकरून किल्ली शोधू लागले.

“प्लंबरला बोलाव ना सरळ.”

“प्लंबर? तो येणार, दातांतून सूं करून श्वास ओढणार आणि विचारणार, ‘हे कुणी बसवलंय?’ मी नाही ऐकून घेणार, मॉरीन, माझ्याच घरात.”

मग मोहीम सुरू जाहली. क्लिफर्डराव न्हाणीघरावर चालून गेले, किल्ली फिरविली, फुस्स जाहले. मग निजावयाच्या खोलीवर गेले, तेथेही फुस्स. आणि पाणी काही येईना. शहाणा पुरुष येथे थबकला असता. क्लिफर्डरावांनी उलट अर्थ काढिला की गनीम अफाट आहे, सबब अधिक चोपला पाहिजे, आणि रोज न्याहारीनंतर तीच खोली तितक्याच आवेशाने पुन्हा जिंकावी, ऐसा क्रम ठेविला. जितका वारा काढीत तितके घर अधिक गार पडे, आणि खासे संध्याकाळी चहा पिता पिता सांगत की आज फार काढला.

मॉरीनबाईंनी पुसिले की माळ्यावर पाणी तरी आहे काय. त्यावर उत्तर जाहले:

“टाकी बघून आलोय मी. काठोकाठ भरली आहे. मला शिकवू नकोस.”

वास्तविक हा कारखाना पोरासही समजावा ऐसा आहे. बॉयलर पाणी तापवितो, पंप ते रेडिएटरांतून फिरवितो, आणि माळ्यावरील एक धाकटी टाकी कमी पडेल तितके पाणी वरून पुरविते. तापून फुगलेले पाणी तिच्यातच माघारी चढते, आणि कारखाना फारच खवळला तर वाफेस वाट असावी म्हणून एक उघड्या तोंडाची नळी त्या टाकीवर वाकवून ठेविलेली असते. थोरली टाकी निराळी, ती नळांची आणि अंघोळीची. क्लिफर्डराव या घरात उभी हयात काढूनही थोरलीसच मुजरा करून येत. धाकटीचे सपाट झाकण पाहून त्यांणी तिजला फळी समजून तिजवर नाताळच्या सजावटीचे खोके ठेविले होते. इतकी त्या निरीक्षकांची निरीक्षणशक्ती.

एके सकाळी खासे निजावयाच्या खोलीत गुडघे टेकून किल्ली फिरवीत असता, मॉरीनबाई सजावटीचे खोके कोठे आहे हे पुसावयास आल्या, आणि त्यांची नजर क्लिफर्डरावांचे कार्डिगनच्या बाहीवर गेली. बाहीचा एक सुटा धागा त्या छिद्राकडे ताणून उभा राहिला होता.

“क्लिफ, हात हलवू नकोस. हा धागा बघ. वारा बाहेर येतोय की आत चाललाय?”

क्लिफर्डरावांनी पाहिले. धागा छिद्रात शिरू पाहत होता. इतके दिवस ज्या गनिमास हाकलितो म्हणून मिशीस पीळ भरिला, त्यास स्वहस्ते वेशी उघडून आत घेतला होता.

“आत पाणीच नाहीये, अरे! बॉयलर बंद कर आधी. आणि ती टाकी कुठली बघितलीस तू, तेवढं मला दाखव.”

मग मॉरीनबाई लाटणे घेऊन जातीने माळ्यावर चढल्या, आणि मागून क्लिफर्डराव विजेरी धरून चढले. बाईंनी खोके उचलिले, फळी म्हणून जी होती ती उघडिली, आणि आत तळाशी चिखलाचा पापुद्रा व एक मेलेला कोळी, याखेरीज काही नव्हते. बॉलकॉकचा दांडा वर्षानुवर्षे न हलल्याकारणे वरच आखडून बसला होता. पाणी सरले तरी तो खाली येईना, आणि तो येईना म्हणून पाणी सुटेना. बाईंनी लाटण्याचा एक टोला दिला. दांडा खाली आला आणि पाणी गर्जना करीत सुटले.

“फळी!” बाई इतकेच बोलल्या.

पुढे टाकी भरली, आणि बाईंच्या हुकुमाने खालील मजल्यापासून वर ऐसा वारा काढीत गेले. यावेळी वारा खराच बाहेर आला, आणि शेवटील रेडिएटराने काळ्या पाण्याची पिचकारी क्लिफर्डरावांचे तोंडावर मारिली. बाई इतक्या हसल्या की त्यांस पलंगावर बसावे लागले. मग बॉयलर पुन्हा पेटविला आणि घर हळूहळू उबेस आले.

नाताळचे आदले दिवशी एडनाबाई कोटाच्या सर्व गुंड्या लावून दाखल जाहल्या. खुर्चीत बसल्या, हात चोळिले, एक गुंडी सोडिली, मग दुसरी, आणि अखेर कोट काढून जावयाचे हाती दिला.

“अगं बाई, इथं तर छान ऊब आहे! कुणी दुरुस्त केलं?”

क्लिफर्डरावांनी या प्रसंगाकरिता भाषण तयार ठेविले होते, त्यात पंपाचा दाब होता, नळ्यांचा चढउतार होता, आणि मॉरीनबाईंचे नाव कोठेही नव्हते. त्यांणी तोंड उघडिले. जिन्याचे पायथ्याशी सूटकेस तशीच उभी होती आणि बाई तिच्या मुठीवर हात ठेवून उभ्या होत्या. स्वारीच्या कपाळास घाम आला, आणि तो काही उबेचा नव्हता.

“मॉरीननं,” ते म्हणाले. “वरची टाकी कोरडी होती. मला कळलंच नाही. मी उलट आत वाराच भरत होतो.”

ऐसे वाक्य त्या घरात लग्न जाहल्यापासून कोणी ऐकिले नव्हते. एडनाबाईंनी जावयास आपादमस्तक न्याहाळिले.

“मग चहा तू टाक, बाळ.”

क्लिफर्डराव कोट सांभाळीत मुदपाकखान्याकडे गेले. मॉरीनबाईंनी सूटकेस उचलिली आणि त्या वरील मजल्यावर गेल्या, आणि किटली गुणगुणू लागली तोवर वर कपाटाचे दार उघडल्याचा आणि कपडे परत आत ठेविल्याचा आवाज आला. खालती क्लिफर्डराव तो ऐकत उभे राहिले आणि चहात साखर दोनदा घातली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन मुलूख उबेत आला. फत्ते लाटण्याचे नावे मांडिली आहे, आणि क्लिफर्डरावांचे नावे एकच खरे वाक्य, तेही मोठ्या मुश्किलीने बोललेले, ते येथे दाखल केले असे.