निकोसियावाले नजीर सर

नजीर सरांना जेवायला बोलावलं की पहिली भाकरी वाया जाते. सर ती ताटात मधोमध ठेवतात, कडेला चिमटे काढून अकरा टोकं करतात, हिरव्या मिरचीच्या ठेच्यात बोट बुडवून डावीकडून उजवीकडे एक वाकडीतिकडी रेघ ओढतात आणि म्हणतात, "हे झालं निकोसिया."

मग कितीही भूक लागलेली असो, ऐकावंच लागतं. "सायप्रस बेटाची राजधानी. अकरा बुरुजांचा गोल कोट. वर तुर्क, खाली ग्रीक, मधात हिरवी रेषा. कोण्या इंग्रज साहेबाच्या हातात त्या वक्ती हिरवी पेन्सिल होती म्हून हिरवी. निळी असती तं निळी म्हटलं असतं." माझी बायको आता त्यांच्यासाठी एक भाकरी जास्तच टाकते.

अनसिंगच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. शिक्षकखोलीत बावीस वर्षं माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. मी मूळचा रिठदचा. रिठदच्या गल्ल्या आता मला धड आठवत नाहीत, पण निकोसियात लेड्रा रस्त्यावरून चौकात कसं जायचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. याला मी ज्ञान म्हणत नाही. सोसणं म्हणतो.

सगळ्याचं मूळ एका मार्कात आहे. कुठल्याशा प्रशिक्षणाच्या परीक्षेत प्रश्न आला होता, 'राजकीयदृष्ट्या विभागलेल्या शहराचे उदाहरण द्या.' सरांनी निकोसिया लिहिलं. तपासणाऱ्याजवळच्या कागदावर बर्लिन होतं. मार्क गेला. तोवर बर्लिनची भिंत पडून दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे चहाला जाऊन आली होती. "पडलेल्या भिंतीले मार्क अन् उभ्या रेषेले भोपळा! काहून?" सरांनी अर्ज केला. काही आलं नाही. तेव्हा त्यांनी ते शहर दत्तकच घेतलं.

शेलूबाजारच्या रद्दीवाल्याकडे सुद्धा सांगून ठेवलं होतं, सायप्रसचं काही आलं तर बाजूला काढ. "विमानतळ हाय, पण विमान नाई. धावपट्टीवर गवत वाढलं. अन् गटार मात्र दोन्हीकडची एकच! भांडण चालू, पण घाण एकाच नळातून जाते. शहाणे लोक!" मी मान हलवायचो. मान हलवण्यातही दमायला होतं, हे मला तेव्हा कळलं.

वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आत येऊन खडू उचलला की, "आधी उत्तर सांगा!" नवी मुलं गांगरून उभी राहायची. "सर, प्रश्नच तं विचारला नाई." "प्रश्न मंग. आधी उत्तर दिशा. तोंड तिकडं करा." स्वतः सर अकोल्याच्या पुढे एकदाच गेले, तेही गाडीत झोप लागली म्हणून.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, गेल्या. सरांच्या घरात आवाज उरला नाही, आणि निकोसिया ऐकायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसणं हे मी शाळेच्या तासासारखं करायचो, घंटेकडे कान लावून.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही असेच बसलो होतो. गल्लीतून कमलबाई धावत आल्या. त्यांची सविता आमच्याच शाळेतली, शेवटच्या बाकावरची. कोण्या म्हातारीची सेवा करायला परदेशात गेली होती. कोणता देश, हे कमलबाईंना सांगता येत नसे. 'समुद्रातलं हाय काहीतरी,' एवढंच.

"सर, पोरगी हरवली! नुसती रडून राह्यली!" त्यांनी फोन पुढे धरला.

"सर, मी सविता. सुट्टी होती म्हून जुन्या शहरात आली. येथं पिंपं हायत, रेतीचे पोते हायत, बंदूकवाला शिपाई हाय. मोबाईलातला नकाशा घडीत मले इकडं दाखवते, घडीत तिकडं. मी पल्याड गेली असन तं पकडतीन मले. कागद बी नाई संग."

"कोणतं शहर?"

"निकोसिया, सर."

सर उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नाव ऐकून मला कंटाळा आला नाही.

"रडू नको. आधी उत्तर सांग."

"माईत नाई, सर."

"घड्याळात किती वाजले तिथं?"

"चार."

"म्हंजे सूर्य पश्चिमेकडं कलला. त्याले उजव्या हाताले घे. घेतला? आता पिंपं कुठं हायत?"

"पाठीमागं."

"शाब्बास! रेषा पाठीमागं, म्हंजे तू दक्षिणेतच हायस. पल्याड गेलीच नाईस. आता नाकासमोर चाल."

सर डोळे मिटून बोलत होते. पिवळ्या दगडाचं चर्च दिसते का? दिसते. तिथून उजवीकडं वळ, पायी माणसांचा मोठा रस्ता लागन. लागला. आता डावीकडं, सरळ. कमलबाईंनी पदर तोंडात धरला होता. तिकडून दुकानांतली गाणी ऐकू यायला लागली.

"आता चौक येईन. खंदकावर जुना पूल हाय."

"पूल-बिल नाई, सर. सगळं पांढरंफेक सिमेंट हाय, वळणावळणाचं."

सरांनी डोळे उघडले. "बदललं वाटते," ते हळूच म्हणाले. "मले कोणी सांगतलं नाई."

पण सविताला तिच्या बसचा थांबा दिसला होता. ती आता हसत होती. "सर, मी वर्गात कधीच ऐकत नव्हती."

"माईत होतं मले."

फोन बंद झाला. कमलबाई डोळे पुसत म्हणाल्या, "सर, तुमी कवा गेलते तिथं?"

सरांनी ओट्याच्या फरशीकडे पाहिलं. "जातो ना. रोजच जातो."

पुढच्या रविवारी सर इस्त्रीचा सदरा घालून साडेसहाला ओट्यावर. सविताने आईकडून त्यांचा नंबर मागून घेतला होता, म्हणून फोन समोर. सविताचा फोन आला. तिखट कुठे मिळेल, विचारत होती. "ते नकाशात नसते, पोरी," सर म्हणाले, पण तासभर बोलले. म्हातारी काय खाते, तिले 'सविता' म्हणता येते का, शेजारीपाजारी कोण हाय. ही माणसं त्यांच्या निकोसियात कधी नव्हतीच. त्यानंतर आणखी एकदा फोन आला. मग नाही.

आजही रविवार, आजही फोन समोर. सात वाजून गेले होते.

"नाई आला फोन," मी म्हणालो.

"चांगलंच हाय ना मंग. पोरीले रस्ते पाठ झाले."

ते खरंच खूश दिसत होते. पण उठले मात्र नाहीत. मीही बसून राहिलो.