कुलकुलच्या डब्यातलं बाळ

चोवीस डिसेंबरच्या दुपारी तीन वाजता ब्रेंडनने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर हात फिरवला, तर हाताला नुसती फळी लागली.

"ममा, इथे चार डबे होते."

"होते. सकाळीच वाटले," आयव्ही खुर्चीत बसून टाचा चोळत म्हणाली. "सण आज आहे. तू काय ईस्टरला वाटणार होतास?"

ब्रेंडनने रिकामी फळी पुन्हा एकदा चाचपली. डब्यांत कुलकुल होते, मैद्याचे तळून साखरेत घोळवलेले छोटे शंख. त्यातल्या एका डब्यात, शंखांच्या खाली, बाळ येशू झोपला होता.

त्यांच्या घरातली रीत अशी, की नाताळची गव्हाणी पंधरा दिवस आधी मांडायची, नाचणी पेरून हिरवळ करायची, मरिया, योसेफ, गाढव सगळे उभे करायचे, पण बाळाची जागा रिकामी ठेवायची. बाळ घरातल्या बापाने लपवायचं आणि चोवीसच्या संध्याकाळी, चर्चमध्ये मिस्साला निघण्याआधी, सगळ्यात धाकट्या पोराच्या हातात द्यायचं. हा मान इतकी वर्षं म्हाताऱ्या कास्मीरचा. यंदा गुडघे गेले म्हणून त्याने तो मुलाला, ब्रेंडनला, दिला. मुलाने अक्कल चालवली. आयव्हीने झाकण लावलेल्या डब्याला चोवीस तारखेपर्यंत हात लावायची माझगावात कुणाची टाप नव्हती, म्हणून तिथेच लपवलं. चोवीस तारखेला खुद्द आयव्हीच हात लावते, हे लक्षात घ्यायचं राहून गेलं. पुरुषांची अक्कल अर्ध्या जिन्यापर्यंतच चढते.

आणि बाळ साधंसुधं नव्हतं. कास्मीरच्या आजोबांनी गोदीत एका परदेशी बोटीवरच्या खलाशाकडून घेतलेलं, बोटभर लांबीचं, लाकडी. घरात त्याचा केवढा तोरा. आयव्ही मात्र दर नाताळला ते हातात घेऊन म्हणायची, "ह्याचं नाक हल्ली बसल्यासारखं वाटतं," आणि कास्मीर पाणी प्यायला उठायचा.

खरी पंचाईत वेगळीच होती. गेल्याच आठवड्यात त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, कॅरलने, गणिताच्या पेपरवर बापाची खोटी सही ठोकली होती. ब्रेंडनने तिला गव्हाणीसमोर उभं करून भाषण दिलं होतं. चूक झाली तर चालेल, खोटं चालणार नाही, येशू बघतो. पोरगी रडत रडत टीचरसमोर कबूल करून आली होती. आता सात वाजता तिच्या हातात काय ठेवायचं?

"डबे कुणाकुणाला गेले?"

"शेजारी रखमाला, लालबागच्या जयवंतला, फादरांना, आणि वसईची मावशी घेऊन गेली. का?"

"सहज," ब्रेंडन म्हणाला आणि स्कूटरची चावी घेतली. दारात कॅरल हेल्मेट घालून उभी. तिची ममी हॉस्पिटलात ड्यूटीवर, त्यामुळे तिला नाही म्हणायला घरात कुणी नव्हतं.

पहिलं दार रखमाकाकीचं. "काकी, डबा जरा बघायला द्या. ह्या वेळचं तेल खराब निघालं."

"मेल्या, मी आत्ताच सहा खाल्ले," रखमा म्हणाली आणि पोट धरून खालीच बसली. "माका काय होतला आता?"

ब्रेंडनने डबा पेपरवर पालथा केला. शंखच शंख. बाळ नाही.

खराब म्हणून तो डबा बरोबर घेऊन तो लालबागला गेला. तिथे जयवंतकाकांनी आपला डबा कधीच चाळीतल्या माळ्यावर वाटून टाकला होता. "साखर कमी पडली, ममा बदलून देणार आहे," ब्रेंडन म्हणाला. जयवंतकाका भला माणूस. अकरा घरांत फिरून अकरा बशा परत गोळा करून आणल्या. एका बाईने तर पोराच्या तोंडातलाही काढून दिला. बाळ नाही. सगळे ब्रेंडनकडे असे बघत होते, की हा सणाला दिलेला खाऊ मोजून परत नेणारा कोण घराणेदार.

एवढ्यात आयव्हीचा फोन आला. "रखमा इथे आपल्या सोफ्यावर पडून लिंबूसोडा पितेय आणि देवाचं नाव घेतेय. माझ्या तेलाला नावं ठेवणारा कोण तो मला पाहिजे."

"रेंज नाही ममा," ब्रेंडन म्हणाला. फोन ठेवताना त्याने कॅरलकडे बघायचं टाळलं.

चर्चमध्ये फादर घाईत होते, पण थांबले. "फादर, ममाची अंगठी डब्यात पडलीय वाटतं." फादर बिचारे गुडघ्यांवर बसले, हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत अंतोनीची प्रार्थना म्हटली, एकेक कुलकुल उजेडात धरून बघितला. अंगठी कुठून मिळणार? बाळही नाही. देवाच्या माणसाला गुडघ्यांवर बसवून त्याच्याशी खोटं बोललो, ह्या विचाराने ब्रेंडनने खाली बसून सगळे कुलकुल स्वतः डब्यात परत भरले. बाहेर येऊन त्याने मावशीला फोन लावला.

"तुझ्या आईला सांग, हात बिघडला तिचा," मावशी म्हणाली. "टॅक्सीतच पोरांनी डबा संपवला. एक कुलकुल इतका कडक निघाला, आमच्या गौतमचा दात हलला. मी दिला खिडकीतून फेकून."

"कुठे फेकला?"

"आता दहिसर म्हण, मिरा रोड म्हण. तुला कशाला पाहिजे कडक कुलकुल?"

चर्चबाहेरच्या स्टॉलवर एकच बाळ उरलं होतं. प्लॅस्टिकचं, गुलाबी, घरातल्या योसेफापेक्षा उंच, आणि पोट दाबलं की रडायचं. ब्रेंडनने ते उचललं, दाबलं, ते रडलं.

"डॅडा," कॅरल शांतपणे म्हणाली, "तेल झालं, साखर झाली, अंगठी झाली. ह्याचं काय सांगणार?"

ब्रेंडनने बाळ खाली ठेवलं. ते आणखी थोडं रडून थांबलं.

घरी आल्यावर त्याने कास्मीरला गॅलरीत गाठलं. "पापा, बाळ गेलं. मी सांगून टाकतो सगळ्यांना."

"डोकं फिरलं काय तुझं," कास्मीर कुजबुजला. "सात वाजायला तास आहे. रे रोडला सीताराम सुताराचा मुलगा बसतो, त्याच्याकडे जा. हातोहात करून देईल. त्याच्या बापाने मला दिलं होतं करून, कुणाला कळलं?"

ब्रेंडन बापाकडे बघतच राहिला. "म्हणजे ते बोटीवरचं..."

"तू दोन वर्षांचा होतास. हळू बोल."

पण आत जाऊन ब्रेंडन हळू बोलला नाही. गव्हाणीसमोर, कॅरल उभी होती त्याच जागी उभा राहिला आणि सगळं सांगितलं. डब्यात लपवलं, डबा गेला, बाळ रस्त्यावर पडलं. तेल, साखर, अंगठी, रेंज, सगळं खोटं. बापाचं तेवढं सांगितलं नाही. ते त्याचं पाप नव्हतं.

"टीचरने मला प्रत्येकाला सॉरी म्हणायला लावलेलं," कॅरल म्हणाली.

"फादरांना मिस्सानंतर म्हणतो. जयवंतकाकांना उद्या. रखमाकाकी, सॉरी. तेल चांगलं होतं."

सोफ्यावर आडवी पडलेली रखमा ताडकन उठून बसली. "मग माझो डबो खंय आसा?"

आयव्ही उठली, आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण करकरलं. परत आली तेव्हा तिच्या हातात जुन्या रुमालाची पुरचुंडी होती. तिने ती कॅरलच्या हातात सोडली. आत बोटभर लाकडी बाळ. काळपट, गुळगुळीत, आणि नाक कसं तरतरीत.

"नॅना, हे कुठलं?"

"बोटीवरचं. ब्रेंडन दोन वर्षांचा होता, तेव्हा तुझ्या ग्रँडपापाने हे कामाच्या पिशवीत लपवलेलं. मी पिशवी धुवायला काढली, त्यात सापडलं. म्हटलं, येईल विचारायला, तेव्हा देईन." आयव्हीने रुमालाची घडी घातली. "विचारायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी गव्हाणीत दुसरंच बाळ. चौतीस वर्षं वाट बघतेय. आज एकाने तरी तोंड उघडलं."

कॅरलने बाळ हिरव्या नाचणीत ठेवलं. कास्मीर गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला.

"कुठे?"

"पाणी..."

"बस खाली," आयव्ही म्हणाली. "पाणी आज मी आणते. तू पहिल्यापासून सांगायला घे."