रूथबाईंची मोठ्यानं प्रार्थना

रूथबाई वानखडे फुलगोबीसाठी प्रार्थना करतात. जेवायला बसल्यावर नव्हे, विकत घेण्याआधी. भाजीची गाडी गल्लीत आली की त्या फाटकाशी येतात, एक गड्डा उचलतात आणि डोळे मिटून, कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "बापा, ही गोबी आतून किडकी नको निघू दे. शंकर चांगला मानूस हाय, पन त्याले बी आतलं दिसत नाई."

शंकर भाजीवाला कपाळाला हात लावतो. "बाई, देवाले काहून मधात पाडता? किडकी निघाली तं मी बदलून देतो ना!"

तेवढ्यात घरातून एक जड, ओढलेला आवाज येतो, "आमेन." मगच गोबी पिशवीत पडते.

अमरावतीत या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा मला वाटलं, शेजारच्या बाई दिवसभर कोणाशी तरी भांडतात. कुकरची शिट्टी होईना, प्रार्थना. नळाला पाणी आलं, आभार. बहिणीकडे अकोल्याला जायचं, तर एसटीच्या ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून विनंती. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "रूथबाई, देवाला दुसरी कामं नाहीत का?"

"हायेत ना. पन बाप हाय तो. लेकरू गोबीचं बोलन तं तो गोबीचं ऐकन." वर मलाच ऐकवलं, "प्रार्थना काई रविवारची साडी नाई, भाऊ. रोज नेसाचं लुगडं हाय."

आतून आमेन म्हणणारे ते त्यांचे यजमान, शमुवेलकाका. अकोल्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. माईक हातात घेऊन ते "दर्यापूरमार्गे अंजनगाव सुर्जी" असं पुकारायचे तेव्हा झोपलेला प्रवासीही पिशवी उचलून धावायचा म्हणे. निवृत्त होऊन इथे आले आणि एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, जीभ नाही. उरला तो एवढा एकच शब्द. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना बोलायला लावा, एखादे वेळी बोलणं परत येईलही. रूथबाईंनी ते 'एखादे वेळी' घट्ट धरून ठेवलंय.

त्यांच्या प्रार्थनेत गुपित मात्र राहत नाही, हा मोठाच ताप. माझ्या बायकोनं एकदा त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. दुपारी सगळ्या गल्लीनं ऐकलं, "बापा, बाजूच्या भाऊचा सोभाव नरम कर. मेव्हण्याच्या लग्नात मानपानावरून रुसले. हे काई रुसाचं वय हाय का?"

"आमेन," काका म्हणाले. मला वाटलं, जरा जास्तच जोरात.

समोरच्या देशमुखांची सून हुशार. सासूला तोंडावर जे सांगता येत नाही ते ती आता रूथबाईंच्या कानात सांगते. टीव्हीच्या आवाजाबद्दलची विनंती सकाळी झाली आणि संध्याकाळी आवाज उतरला. इतक्या तातडीनं ऐकली गेलेली प्रार्थना मी दुसरी पाहिलेली नाही.

शेवटी कोणीतरी पास्टरांकडे गाऱ्हाणं नेलं. ते बिचारे भले गृहस्थ. रूथबाईंकडे येऊन चहा घेता घेता हळूच म्हणाले, "बाई, मनातल्या मनात केली तरी प्रार्थना पोचते." मी तिथंच बसलो होतो.

"देवाले पोचते, पास्टरसाहेब. मले मालूम हाय," रूथबाई म्हणाल्या. काकांकडे बोट करून पुढे म्हणाल्या, "पन यायले कशी पोचन? मी नुसती बोलली तं हे खिडकीबाहेर पाहत राहतात. बापा म्हटलं की आमेन म्हनतात. दिवसभरात तेवढंच तं बोलनं हाय आमचं."

पास्टरांचा चहा बशीत तसाच राहिला. मग तेच म्हणाले, "मोठ्यानंच करा." तेव्हापासून गल्लीत कोणी तक्रार केलेली नाही. मी तर नाहीच नाही.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस सकाळपासून गल्ली गप्प होती. भाजीची गाडी आली तशीच गेली. बायको म्हणाली, "मला काही हे बरं वाटत नाही, चला." आम्ही दोघं गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

रूथबाई तापानं फणफणल्या होत्या. घसा पार बसलेला. काका खुर्ची ओढत ओढत पलंगापाशी आले होते आणि त्यांनी चांगला हात तिच्या कपाळावर ठेवला होता. त्यांचे ओठ हलत होते. "ब... ब..." पुढे सरकेना. गळ्याच्या शिरा ताठल्या, डोळे गच्च मिटले, पुन्हा "ब..." आणि शेवटी, जवळ होता तोच शब्द, "आमेन." थोडं थांबून, हळू, "आमेन." मग विनवल्यासारखं आणखी एकदा. तिचा ताप, तिचं दुखणं, तिच्यावाचूनचं आपलं घर, सगळं ते त्या एकाच शब्दात सांगत होते. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

डोळे पुसून मी म्हणालो, "रूथबाई, ऑटो आणतो. दवाखान्यात जाऊ."

त्यांनी डोळे न उघडता हात हलवला.

"थांबा, भाऊ," त्या कुजबुजल्या. "यायची प्रार्थना चालू हाय."

आम्ही चपला काढल्या आणि दाराशी उभे राहिलो.